काळ्या पाण्यावर गेलेले खापरपणजोबा: कोठडी, तिकीट आणि तिकडचा संसार

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले खापरपणजोबा १८८७ च्या सुमारास खुनाच्या खटल्यात जन्मठेप होऊन अंदमानात गेले. मागे बायको आणि एक मुलगा राहिला. ते परत आले नाहीत. खापरपणजींनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. नात्यातले काहीजण म्हणतात ते सेल्युलर जेलच्या कोठडीत वारले, काहीजण म्हणतात त्यांनी तिकडे दुसरा संसार थाटला. यातलं खरं काय असू शकेल, आणि शोध कुठून घ्यावा?

सेल्युलर जेलची गोष्ट आधी बाजूला ठेवा. त्या तुरुंगाचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. १८८७-८८ मध्ये उतरलेला कैदी तोवर आपली सक्तमजुरीची वर्षं काढून बाहेर पडलेला असतो, तिथे नवा गुन्हा करून पुन्हा आत गेला असेल तरच वेगळं. महाराष्ट्रात अंदमान म्हटलं की डोळ्यांसमोर कोलू आणि कोठडीच येते, कारण आपल्याला तिथलं जग सावरकर बंधूंमुळे माहीत झालं. राजकीय कैद्यांना साध्या कैद्यांच्या सवलती नाकारल्या होत्या. १९१९ मध्ये विनायकरावांच्या पत्नी माई आणि धाकटे भाऊ नारायणराव भेटीला पोचले, तोवर थोरल्या बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी हयात नव्हत्या. ती हकीकत खरीच आहे, पण खून किंवा दरोड्याच्या कलमाखाली गेलेल्या हजारो साध्या माणसांचं आयुष्य तसं गेलं नाही. त्यांच्यासाठी काळं पाणी म्हणजे वर्षांच्या पायऱ्यांची शिडी होती, आणि कुटुंबाचा प्रश्न त्या शिडीच्या एका ठरावीक पायरीवर यायचा. म्हणून कागद धुंडाळण्याआधी तारखांचा हिशेब मांडावा. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली. डॉ. वॉकर यांनी २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअर गाठलं. पहिले महिने भयंकर होते. जूनच्या मध्यापर्यंत आलेल्या ७७३ कैद्यांपैकी ६४ दवाखान्यात मेले, १४० पळाले ते सापडलेच नाहीत, ८७ जणांना पळण्याच्या प्रयत्नाबद्दल फाशी दिली, एकाने आत्महत्या केली आणि उरले ४८१. त्या काळात गेलेल्या माणसाचा माग काढणाऱ्याने मृत्यूचीच शक्यता आधी धरावी. १८७४ पर्यंत नियमही ढिले होते आणि सारखे बदलत होते. १८६६ ला पोचलेले ठाणेसरचे कैदी महंमद जाफर तिथे मुन्शी झाले, त्यांनी तिथे लग्नं केली आणि १८८३ मध्ये बायको-मुलांना घेऊन परतले. त्यानंतरच्या काळात चाकोरी पक्की होत गेली, आणि तुमचे खापरपणजोबा त्या काळातले.

पक्की झालेली चाकोरी साधारण अशी. जन्मठेपेच्या कैद्याने पहिली पाच वर्षं निव्वळ राबायचं. रात्री बराकीत कुलूप, दिवसा टोळीने जंगलतोड, वीटभट्टी, धक्क्यावरची ओझी किंवा चॅथम बेटावरची लाकूड गिरणी. मोबदला शून्य. (सेल्युलर जेल झाल्यावर यातले पहिले सहा महिने तिथल्या एकांत कोठडीत जाऊ लागले.) पुढची पाच वर्षं मजुरी तीच, पण हलकी कामं मिळण्याची शक्यता आणि थोडा भत्ता, जो कैद्यांच्या बचत बँकेत टाकता येई. याच टप्प्यात चांगल्या वागणुकीचा माणूस वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल अशा चढत्या जागांवर जाई. दहा वर्षं भरली आणि वर्तन ठीक असलं की तिकीट मिळे. तिकीटवाल्याला सरकारी कागदांत ‘सेल्फ-सपोर्टर’ म्हणत, म्हणजे स्वतःचं पोट स्वतः भरणारा कैदी. त्याने गावात राहायचं, जमीन कसायची, गुरं पाळायची किंवा हातातला धंदा करायचा. तो मोकळा नव्हता. वसाहत सोडता येत नसे, रिकामं बसता येत नसे, नागरी हक्क नव्हते. पण लग्न करण्याची किंवा घरच्यांना बोलावून घेण्याची मुभा याच पायरीवर मिळे. पूर्ण सुटका वीस ते पंचवीस वर्षांनी.

१८८७ ची शिक्षा धरून हे आकडे मांडा. तिकीट १८९७-९८ च्या आसपास, सुटका लवकरात लवकर १९०७-०८. म्हणजे तिकडे लग्न झालं असेल तर ते १८९८ नंतरचं, आणि मुलं त्याच्याही पुढची. कोणी १८९२ मध्ये जन्मलेला ‘अंदमानातला मुलगा’ पुढे केला तर तो तुमच्या माणसाचा असण्याची शक्यता फार कमी. उलट १९०९ नंतर घरी एखादं पत्र किंवा मनीऑर्डर आल्याची आठवण असेल, तर सुटूनही ते तिकडेच राहिले असं धरायला जागा आहे. मुदतीच्या कैद्यांचा, म्हणजे सात, दहा, चौदा वर्षांच्या शिक्षेवाल्यांचा हिशेब वेगळा. त्यांना तिकीटच नव्हतं, मुदत संपली की थेट सुटका. त्यांचा तिकडे संसार शोधण्यात वेळ घालवू नये. शिक्षा जन्मठेपेची होती की मुदतीची, हे म्हणूनच सगळ्यात आधी पक्कं करा. घरच्या बोलण्यात दोन्हींना सरसकट काळं पाणीच म्हटलं जातं.

आता घरी राहिलेल्या बाईबद्दल, कारण या शोधांत तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. तिकीटवाल्याने कुटुंबाला बोलावण्याचा अर्ज केला की तो पोर्ट ब्लेअरहून निघून जिल्ह्यात यायचा आणि बाईला विचारणा व्हायची. वसाहत सुरू झाल्यापासून सरकारची इच्छा होती की कैद्यांच्या बायका तिकडे जाव्यात, पण गेल्या फारच थोड्या. याला तिची निष्ठा कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं आहे. विचारणा येते ती दहा वर्षांनी. तोवर मुलगा औत धरण्याच्या वयाचा झालेला, दीर-सासऱ्यांच्या हाताखाली का होईना पण जमिनीवर त्याचा हक्क टिकलेला. ती गेली तर तो हक्क कोण राखणार? शिवाय समुद्र ओलांडला की जातीत परत घेतील याची खात्री नाही, आणि ज्या माणसाकडे जायचं त्याच्याबरोबर तिचा संसार झालेला जेमतेम दोन-चार वर्षांचा.

तिने दुसरं लग्न का केलं नाही, हेही नुसत्या भावनेवर सोडू नका. मराठा-कुणबी आणि इतर अनेक जातींत पाटाची चाल होती, सोडचिठ्ठी देऊन-घेऊन बाई दुसरं घर करू शकत होती. पण १८७६ मध्ये संभू रघू याच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने ठरवलं की नवऱ्याच्या संमतीशिवाय जातपंचायत लग्न मोडू शकत नाही. तशा बाईने पाट लावला तर दंडसंहितेचं कलम ४९४, म्हणजे पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करण्याचा गुन्हा, लागू होऊ शकत होतं. त्या कलमाला अपवाद एकच उपयोगाचा: नवरा सलग सात वर्षं बेपत्ता असला आणि तो जिवंत असल्याचं या काळात काहीच कानावर आलं नसलं तर. म्हणजे अंदमानातून वर्षाला एक जरी पत्र आलं, तरी अपवादाचा दरवाजा बंद. खुशालीचं पत्र हेच तिला बांधून ठेवणारा कागद ठरत होतं. अशा वेळी काही नवरे स्वतःहून सोडचिठ्ठी लिहून पाठवू शकत होते. घरच्या जुन्या दप्तरात असा कागद मिळाला तर तो जपा, त्यावर बहुधा कैदी नंबर आणि तारीख असेल. खापरपणजींच्या कुंकवावरून एवढंच ठरतं की मृत्यूची पक्की बातमी घरापर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचली तरी त्यांनी ती मानली नाही.

जमिनीचाही कागद बघा. दंडसंहितेच्या कलम ६१ व ६२ नुसार जन्मठेपेच्या कैद्याची मालमत्ता किंवा तिचं उत्पन्न सरकारजमा करता येत असे, त्यातून घरच्यांच्या पोटापाण्याची सोय लावण्याची तरतूद होती. ही कलमं १९२१ मध्ये रद्द झाली. सगळ्यांच्याच जमिनी गेल्या असं नाही, पण गावच्या खाते-उताऱ्यात नाव अचानक मुलाच्या किंवा भावाच्या नावे लागलेलं दिसलं तर त्याचं कारण कदाचित इथे आहे. १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतर फेरफारात कारण लिहिलेलं सापडतं. ‘मयत’ लिहिलंय की आणखी काही, एवढा एक शब्दही मोलाचा.

तिकडचं लग्न कसं व्हायचं? बाई कैद्यांची संख्या पुरुषांच्या मानाने अगदी थोडी, शंभरात पाच-दहाच्या घरात. त्यांना बायकांच्या तुरुंगात ठेवत. पाच वर्षं भरली की बाई लग्नाला पात्र होई. तिकीटवाला अर्ज करी, त्याला तुरुंगात आणून पात्र बायका समोर उभ्या केल्या जात, दोघांची पसंती झाली तर पुढची चौकशी. आधीचं लग्न झालंय का, जात-धर्माच्या रूढीत हे बसतं का, हे बघितलं जाई आणि मग परवानगी. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती, त्यामुळे घरी खापरपणजी असताना तिकडे रीतसर लग्न होऊ शकत होतं. बाईचं तसं नव्हतं. तिचा नवरा हयात असेल तर अडचण, आणि म्हणून विधवांची लग्नं सोपी जात.

आणि त्या बायकांत विधवा पुष्कळ होत्या. याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी डिसेंबर १८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या टिपणात पुण्याच्या काशीबाईची हकीकत आहे: तरुण ब्राह्मण विधवा, गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला, फसवली गेली, मूल झालं, ते तिने मारून विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दाम्पत्याच्या बालहत्या प्रतिबंधक गृहामागे ही घटना होती. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मीला अशाच गुन्ह्यात फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आणि पुढे आणखी कमी झाली, आणि ताराबाई शिंद्यांनी लेखणी उचलली ती त्याच संतापाने. या मुली वंशावळीत सापडत नाहीत. घराण्याच्या झाडावर ‘लहानपणी वारली’ किंवा काहीच नाही. तुमच्या घराण्यातही त्या पिढीतली एखादी विधवा आत्या अशी गायब असेल, तर तोच शोध तिच्यासाठीही घ्या. पोर्ट ब्लेअरच्या गावांत अशाच बायका घरं उभी करत होत्या, तिथली पुढची पिढी त्यांच्यामुळे उभी राहिली. पुण्यात ज्या ब्राह्मण विधवेला पुनर्विवाहासाठी वाळीत टाकलं असतं, तिचं तिथे सरकारी परवान्याने लग्न लागत होतं.

लग्न झाल्यावरचा एक नियम शोधात फार उपयोगी पडतो: नवरा-बायको दोघंही कैदी असतील तर दोघांच्या मुदती भरेपर्यंत कोणालाच जाता येत नसे, जायचं तर एकत्र. लग्न झालेल्या बाईची मुदत पंधरा वर्षं, बिनलग्नाच्या बाईची वीस. समजा तुमचे खापरपणजोबा १९०८ ला सुटकेला पात्र झाले, पण बायको १८९५ मध्ये उतरलेली असेल तर दोघांची सुटका १९१० च्या आत नाही. सुटकेच्या यादीत अपेक्षित वर्षी नाव न दिसल्यावर ‘म्हणजे वारले’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. तसं न करता पुढची पाचेक वर्षं चाळावीत.

सुटल्यावरही पुष्कळजण राहिले. गावी वीस वर्षांनी जाऊन तुरुंगातल्या बायकोला आणि मिश्र जातीच्या मुलांना कोणाच्या पंगतीला बसवणार? अबर्डीन, हॅडो, गराचरामा, बांबू फ्लॅट, विम्बर्लीगंज, नमुनाघर, चौलदारी या गावांत ही वस्ती वाढली. त्यांच्या मुलांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात आणि तो शब्द आजही तिथे आपुलकीने वापरला जातो. घरात बाप मराठी, आई कदाचित बंगाली किंवा पंजाबी, शेजारी मद्रासी, म्हणून बोली एकच, हिंदुस्तानी. एका पिढीत मराठी गेली. जात बापाची धरत, तीही ढोबळ. आडनाव तर बहुधा गेलंच. त्यामुळे पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) तुमच्या आडनावाची माणसं शोधणं व्यर्थ आहे.

आडनावाची अडचण खरं तर मुंबई इलाख्यातच सुरू होते. कोर्टाच्या कागदात आडनाव क्वचित असे. पुरुष हिंदू असेल तर ‘रामा बिन हरी’, मुसलमान असेल तर ‘वलद’, बाई असेल तर ‘गंगा कोम रामा’, म्हणजे रामाची बायको. याच नावाचं इंग्रज कारकुनाने आपल्या कानाने लिहिलेलं रूप अंदमानला गेलं. सखारामचं चार प्रकारे लिहिलेलं स्पेलिंग एकाच फायलीत सापडतं. साताऱ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कधी ‘टी’ एक असतो, कधी दोन. कुणबी, कोळी, रामोशी यांची स्पेलिंगं त्याहून वाईट. म्हणून शोध तीन गोष्टींच्या जोडीवर चालवा: स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि शिक्षेची तारीख. बापाचं नाव घरात कोणाला आठवत नसेल तर आधी ते मिळवा, भाटाच्या, क्षेत्रोपाध्यांच्या वहीतून किंवा जुन्या खरेदीखतातून. त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कैद्याच्या गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर नंबर, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख असे. कागदांतही तोच क्रम चालतो. एकदा नंबर हाती आला की नाव कसंही लिहिलेलं असो, माणूस निसटत नाही.

सुरुवात मुंबईत करा, दिल्लीत नको. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याचे वर्षवार खंड आहेत. १८८६ ते १८८८ चे खंड मागवा आणि अनुक्रमणिकेत जिल्ह्याच्या नावाखाली बघा. मूळ शिक्षा फाशीची असून ती कमी होऊन जन्मठेप झाली असेल तर प्रकरण हायकोर्टात मंजुरीसाठी गेलेलं असणार, तिथला निकाल जास्त तपशिलाचा असतो. (१८६२ च्या आधीचं प्रकरण असतं तर सदर फौजदारी अदालत बघावी लागली असती.) त्याच मालिकेच्या पुढच्या वर्षांच्या खंडांत दयेचे अर्जही असतात. आई, बायको, भाऊ यांनी गावातल्या लिहिणाऱ्याकडून लिहवून घेतलेले. राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ चा आणि हीरकमहोत्सव १८९७ चा, अशा प्रसंगांभोवती माफीचे अर्ज हटकून केले जात. ती वर्षं सोडू नका. त्या काळातला ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ खटल्याच्या बातमीसाठी चाळण्यासारखे आहेत.

मग दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. गृह खात्याची ‘पोर्ट ब्लेअर’ नावाची स्वतंत्र शाखा होती, तिच्या कामकाजात सुटका, माफी, पळालेले कैदी आणि लग्न-कुटुंबाचे नियम यांच्या फायली आहेत. बरंचसं ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर चढलंय. शोध इंग्रजी स्पेलिंगने करावा लागतो, तोही नावाने न करता आधी ‘सातारा’ आणि ‘कन्व्हिक्ट’ या शब्दांनी. साध्या कैद्याचं नाव फायलीच्या शीर्षकात क्वचितच येतं, ते आत जोडलेल्या तक्त्यात असतं. म्हणून सुटकेच्या याद्यांच्या फायली अख्ख्या वाचाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण माणूस सापडतो तो तिथेच. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वसाहतीचे वार्षिक अहवाल आहेत, त्यांत नावं कमी, आकडे जास्त.

पोर्ट ब्लेअरमधल्या मूळ नोंदींवर मात्र भिस्त ठेवू नका. २३ मार्च १९४२ ला जपान्यांनी बेटं घेतली आणि ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती त्यांच्या ताब्यात होती. या काळात कचेऱ्यांतला मोठा दफ्तरसाठा नष्ट झाला आणि अनेक लोकल बॉर्न घरांतली कर्ती माणसंही मारली गेली. तिथे चौकशी करताना म्हणूनच जिवंत माणसांच्या आठवणींवर जास्त भर लागतो. १९४२ पूर्वीच्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांना आता इतर मागास वर्गात धरलं जातं, आणि त्या दाखल्यासाठी अनेक घरांनी आपली पूर्वपीठिका जुळवून ठेवली आहे. चौकशीचं पत्र हिंदीत लिहा. त्यात खापरपणजोबांचं नाव, बापाचं नाव, सातारा, शिक्षेचं वर्ष आणि तिकिटाचं अंदाजे वर्ष द्या. गुन्ह्याचा तपशील पहिल्या पत्रात नको. समोरच्या घराने तो मुलांना सांगितलेला असेलच असं नाही.

डीएनए चाचणीचा विचार असेल तर एक अट समजून घ्या. तिकडचे वंशज दुसऱ्या बायकोचे, म्हणजे तुमचं नातं अर्धं आणि वर चार पिढ्या मागचं. साध्या चाचणीत असं नातं न जुळण्याची शक्यता भरपूर, त्यामुळे ‘जुळलं नाही’ हा पुरावा नाही. दोन्हीकडे मुलाचा मुलगा अशी अखंड पुरुष-ओळ टिकलेली असेल तर वाय गुणसूत्राची चाचणी नीट उत्तर देते. तुमच्याकडे ती ओळ चालू असेल तर त्या ओळीतल्या सगळ्यात वयस्कर पुरुषाचा नमुना आत्ताच घेऊन ठेवा, अंदमानातलं घर सापडेपर्यंत थांबू नका.